आयांसाठीचा ऑनलाइन कुरआन कोर्स: मरयमचा धडा अप्रतिम, पण तरबियतचं सगळं ओझं आईच्याच डोक्यावर का?

आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा कापलाय तो वर्कशीट आणि आवाजापायी, आणि एक अख्खा ज्यासाठी कापलाय त्यासाठीच एवढा लांबलचक रिव्ह्यू लिहायला बसलेय. कोर्सचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, शिकवणाऱ्या बाई खरंच मनापासून शिकवतात आणि मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही, शिवाय या धर्तीचे कोर्स हल्ली बरेच निघालेत आणि मी जे लिहितेय ते त्यातल्या अनेकांना लागू पडेल असं वाटतं.

तर कोर्स असा आहे. आई, मूल आणि मुलांवरचे संस्कार म्हणजे आपण ज्याला तरबियत म्हणतो, याबद्दल कुरआनात जिथे जिथे आलंय ते सूरहवार (सूरह म्हणजे कुरआनातला अध्याय) घेतात. रेकॉर्ड केलेले धडे, एकेक 20-25 मिनिटांचा, आठवड्यातून एक लाइव्ह, प्रत्येक धड्याला वर्कशीट आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आधी तिलावत म्हणजे मूळ अरबी पठण, मग तर्जुमा म्हणजे भाषांतर, मग बाई समजावून सांगतात. अरबी येत नसलं तरी काही अडत नाही. आमच्या बॅचमध्ये मुस्लिम नसलेल्या पण एकदोघी होत्या आणि खरं सांगायचं तर लाइव्हमधले चांगले प्रश्न त्यांचेच असायचे, आपण लहानपणापासून ऐकत आलोय म्हणून ज्या गोष्टी विचारतच नाही त्या त्या बिनधास्त विचारायच्या.

सुरुवात सूरह लुकमानने. हे अपेक्षितच होतं, तरबियतचा विषय निघाला की कुणीही आधी तिथेच जातं. 31वी सूरह, 12 ते 19 आयती म्हणजे वचनं, लुकमान आपल्या मुलाला समजावतायत. ते नबी म्हणजे पैगंबर होते की नव्हते यात बाईंनी वेळ घालवला नाही, बहुतेक उलेमा म्हणजे धर्मपंडित त्यांना हिकमत (शहाणपण) मिळालेला नेक माणूस मानतात एवढं सांगून पुढे गेल्या, बरं केलं. मला आवडलं ते त्यांनी त्या उपदेशाचा क्रम उलगडून दाखवला ते. आधी अल्लाहसोबत कुणाला शरीक म्हणजे भागीदार करू नकोस. मग एखादी गोष्ट मोहरीच्या दाण्याएवढी असली आणि ती खडकात असो, आकाशात असो की जमिनीत, अल्लाह ती समोर आणेल. मग नमाज कायम कर, चांगलं करायला सांग, वाईटाला अडव, जे वाट्याला येईल त्यावर सबर कर. आणि मग एकदम रोजच्या वागण्यात उतरतात: लोकांशी बोलताना तोऱ्याने गाल फिरवू नकोस, जमिनीवर ऐटीत चालू नकोस, चाल बेताची ठेव, आवाज खाली ठेव, सगळ्यात वाईट आवाज गाढवाचा. म्हणजे तौहीदपासून (अल्लाह एकच) निघून गाढवापर्यंत, मोजून आठ आयतींत. बाईंचं म्हणणं की आपण घरात उलटं करतो, 'ओरडू नकोस' पासून सुरू करतो आणि तिथेच संपवतो, का ओरडू नये हे कधी सांगतच नाही. पटलं.

मोहरीच्या दाण्याचा भाग मी मोठ्याला शेजारी बसवून ऐकला. मला वाटलं होतं घाबरेल, की आपल्याकडे कुणीतरी सारखं बघतंय. पण तो जरा विचार करून म्हणाला, "अम्मी, म्हणजे मी धाकटीला माझी लाल गाडी दिली होती ते पण दिसलं? तू तेव्हा फोनवर होतीस." मी म्हटलं हो, ते पण. तर स्वारी खूश, आणि नंतर गाडी परत काढून घेतली ती गोष्ट वेगळी 😄 पण त्याने बरोबर पकडलं होतं, त्या आयतीत चांगली गोष्ट की वाईट असं काही म्हटलेलंच नाही, फक्त मोहरीएवढी असली तरी, एवढंच आहे. आता याच धड्याचं वर्कशीट बघा: 'तुमच्या मुलाने या आठवड्यात लपून केलेल्या तीन चुका लिहा आणि त्याला ही आयत ऐकवा.' अहो कशाला? मूल स्वतःहून त्यात आपली चांगली गोष्ट शोधतंय आणि आपण त्याच आयतीचा सीसीटीव्ही करायचा? ते पान मी कोरंच ठेवलं.

याच सूरहमध्ये एक गंमत आहे जी मी इतकी वर्षं वाचूनही नीट बघितली नव्हती. लुकमानचं बोलणं चालू असताना 14 आणि 15व्या आयतीत ते मध्येच थांबतं आणि अल्लाह स्वतः बोलतो. माणसाला आम्ही आईबापांबद्दल ताकीद केली, त्याच्या आईने अशक्तपणावर अशक्तपणा सोसत त्याला पोटात वागवलं, दूध सुटायला दोन वर्षं, तर माझे आणि आपल्या आईबापांचे आभार मान. आणि लगेच पुढे हद्दही घालून दिलीय, की त्यांनी शिर्क म्हणजे अल्लाहसोबत दुसऱ्याला शरीक करायला भाग पाडलं तर ऐकू नकोस, तरीही दुनियेत त्यांच्याशी चांगल्या रीतीनेच राहा. यावर बाई छान बोलल्या. आईबापांचं ऐकणं म्हणजे डोळे मिटून हो म्हणणं नाही, आणि ऐकलं नाही म्हणजे नातं तोडणंही नाही. ग्रुपमध्ये यावर दोन दिवस जुंपली होती, 'मुलांना हे आत्तापासून सांगितलं तर ती उलटून बोलतील' वगैरे. बोलू देत की. इब्राहीम अलैहिस्सलाम स्वतःच्या वडिलांशी कसे बोलले ते सूरह मरयममध्येच आहे, वडील दगड मारीन म्हणतायत आणि मुलगा सलाम करून तुमच्यासाठी माफी मागेन म्हणतोय.

इथे माझी मोठी तक्रार सुरू होते. हा सगळा उपदेश करतोय कोण? बाप. आणि फक्त लुकमानच नाही. कुरआनात 'या बुनय्या' म्हणजे 'माझ्या बाळा' अशी लाडाची हाक सहा वेळा येते. तीन वेळा लुकमान, एकदा नूह, एकदा याकूब, एकदा इब्राहीम (हे तिघे नबी). सहाच्या सहा वेळा बापाच्या तोंडून. बसवून समजावणं, स्वप्न ऐकून घेणं, बुडत्या मुलाला नावेत ये म्हणून हाका मारणं, एवढंच काय कुर्बानीच्या वेळी इब्राहीम मुलाला विचारतात की तुझं काय मत आहे बघ, हे सगळं बापांनी केलंय. आणि कोर्समध्ये? पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत 'आई ही पहिली मदरसा', 'आई बिघडली तर पिढी बिघडली', 'आजच्या आयांना वेळ नाही'. लुकमानच्या पूर्ण उपदेशाचा चार्ट करून दिलाय आणि वर रकाना आहे 'आईची सही'. नमाजची आठवण: आई. आवाज खाली: आई. मोबाइल काढून घेणं: आई. लुकमान बिचारे कुठे गेले तेच कळत नाही. मी लाइव्हमध्ये हे विचारलं तर उत्तर मिळालं, "वडील बाहेर असतात ना, आईच जास्त वेळ मुलांसोबत असते." असेल. पण मग लुकमानचं नाव घेऊन का शिकवता? बापांसाठीचा धडा आईला पाठ करायला लावून काय होणार.

असो. आता ज्यासाठी हा कोर्स घ्यावा असं मी कुणालाही सांगेन तो भाग. सूरह मरयम, म्हणजे ईसा (येशू) यांच्या आईच्या नावाची.

मी ही सूरह किती वेळा पढली असेल, तर्जुमा पण वाचलाय, पण बाईंनी 23व्या आयतीवर जे थांबवलं ना. बाळंतपणाच्या कळा तिला खजुराच्या झाडाच्या बुंध्यापाशी घेऊन आल्या आणि ती म्हणाली, याआधीच मी मेले असते तर, विसरून गेलेली, कुणाच्या आठवणीतही नसलेली झाले असते तर बरं झालं असतं. हे कोण म्हणतंय तर मरयम, जिला सगळ्या जगातल्या बायकांमधून निवडलं असं कुरआनच सांगतो, कुरआनात नावाने उल्लेख आलेली एकमेव स्त्री. बाई म्हणाल्या, हे वाक्य अल्लाहने लपवलं नाही, त्याबद्दल तिला रागावलं नाही, कयामतपर्यंत लोक नमाजमध्ये पढतील असं ठेवलं. मग तुमच्या घरातल्या बाळंतिणीने रडत रडत काही म्हटलं तर तिला नाशुक्री म्हणजे कृतघ्न म्हणायचा हक्क कुणाला? त्या लाइव्हला स्क्रीनवर सगळ्या गप्प. एकीने कॅमेरा बंद केला, नंतर तिने ग्रुपवर नाही, बाईंना वेगळा मेसेज केला म्हणे.

आणि त्यानंतर तिला काय मिळतं ते बघा. उपदेश नाही. खालून आवाज येतो, दुःखी होऊ नकोस, तुझ्या रबने तुझ्या पायाखाली झरा वाहता केलाय. खजुराचं खोड आपल्याकडे हलव, ताजे पिकलेले खजूर पडतील. खा, पी, डोळे थंड कर. आणि कुणी माणूस दिसलाच तर सांग मी रहमानसाठी रोजा मानलाय, आज कुणाशी बोलणार नाही. म्हणजे पाणी, खाणं, आणि लोकांना उत्तरं देण्यातून सुट्टी. मग ती बाळाला घेऊन लोकांत येते, लोक तोंडाला येईल ते बोलतात, आणि तेव्हाही ती स्वतः बोलत नाही, फक्त बाळाकडे बोट दाखवते. तिची बाजू मांडायचं काम तिच्यावर टाकलेलंच नाही. तेच बाळ पुढे म्हणतं, की अल्लाहने मला आईशी चांगलं वागणारा केलंय, जुलमी आणि करंटा केलेलं नाही.

कोर्सच्या समुपदेशक मॅडम या धड्यात पाच-सात मिनिटं येतात, बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनबद्दल. झोप अजिबात न येणं, बाळाकडे बघून काहीच न वाटणं, मरणाचे विचार, असं असेल तर दुआसोबत डॉक्टर पण, दुआऐवजी डॉक्टर किंवा डॉक्टरऐवजी दुआ असं काही नाही, हे त्यांनी अगदी रोखठोक सांगितलं. आमच्यात बरेचदा 'तिलावत कमी पडतेय' हेच ऐकवलं जातं, त्यामुळे एवढ्यासाठी त्यांना पैकीच्या पैकी.

मूसा अलैहिस्सलामच्या आईचा धडा पण चांगला, फक्त घाईत उरकलाय. सूरह कसस. फिरऔन, इजिप्तचा राजा, मुलगे मारतोय आणि तिला सांगितलं जातं, त्याला दूध पाज, भीती वाटली की नदीत सोड, घाबरू नकोस, दुःख करू नकोस, आम्ही त्याला तुझ्याकडे परत आणू आणि रसूल बनवू. एवढं पक्कं वचन अल्लाहकडून मिळूनसुद्धा 10वी आयत काय सांगते? तिचं मन रितं झालं, सगळं सांगून टाकण्याच्या बेतात होती, आम्ही तिच्या मनाला बांधून ठेवलं नसतं तर. म्हणजे वचन असूनही आईचं काळीज ठिकाणावर राहिलं नाही आणि त्याला ईमानाची म्हणजे श्रद्धेची कमी म्हटलेलं नाही. आम्हाला मात्र ग्रुपवर 'तवक्कुल (अल्लाहवर भरवसा) ठेवा, टेन्शन घेणारी आई मुलांना काय शिकवणार' असे फॉरवर्ड. टेन्शन मूसाच्या आईने पण घेतलं होतं ताई.

शिवाय त्या गोष्टीत मूल एकट्या आईने वाढवलेलंच नाही. बहीण लांबून लांबून पाठलाग करते, फिरऔनची बायको त्याला मारू नका म्हणून अडून बसते, बाळ दुसऱ्या कुठल्याच दाईचं दूध घेत नाही, मग तीच बहीण पुढे होऊन म्हणते मी एक घर दाखवू का, आणि बाळ परत आईच्या कुशीत येतं, तिचे डोळे थंड व्हावेत म्हणून. तीन बायका मिळून एक बाळ वाचवतात. यावर अख्खा एक धडा व्हायला हवा होता. पाच मिनिटांत संपवला आणि वर्कशीटमध्ये प्रश्न काय, 'हजरत मूसांच्या आईकडून तुम्ही त्यागाचे कोणते तीन गुण घ्याल?'

आता सूरह बकरहची 233वी आयत. इथे कोर्स साफ घसरलाय. स्लाइडवर मोठ्या अक्षरात, 'आईने पूर्ण दोन वर्षं दूध पाजावं', खाली आयतीचा नंबर, बस. पूर्ण आयत उघडून वाचा हो एकदा. ती येते तलाकच्या आयतींच्या मध्ये, म्हणजे मुळात प्रश्नच हा आहे की नवरा-बायको वेगळे होतायत तर दुधावरच्या बाळाचं काय. त्यात म्हटलंय ज्याला मुदत पूर्ण करायची असेल त्याच्यासाठी दोन वर्षं. आईच्या खाण्याकपड्याचा खर्च बापावर, रीतीप्रमाणे. कुणावर कुवतीबाहेर ओझं टाकायचं नाही. मुलावरून आईला त्रास द्यायचा नाही, बापालाही नाही. बापाच्या मागे वारसावरही तीच जबाबदारी. दोघांनी आपसात बोलून, राजीखुशीने आधीच दूध तोडायचं ठरवलं तर गुन्हा नाही. दुसरीकडून पाजून घ्यायचं असेल तरी गुन्हा नाही, ठरलेला मोबदला नीट द्या. सूरह तलाकच्या 6व्या आयतीत तर वेगळ्या झालेल्या आईलासुद्धा दूध पाजण्याचा मोबदला द्या असं आहे. एवढ्या सगळ्यातून एक अर्धं वाक्य उचललं आणि आयांच्या डोक्यावर मारलं. आमच्यातल्या एकीला दूधच आलं नव्हतं, ती स्लाइड बघून ती जी ग्रुपमधून गेली ती गेली. पुढच्या लाइव्हला बाईंनी सारवासारव केली, "कुणाला मजबुरी असेल तर चालतं". मजबुरी नाही हो, आयतीतच सल्लामसलत आणि दुसरा पर्याय दोन्ही दिलेत. दूध तोडण्यासारख्या गोष्टीत कुरआन नवरा-बायकोने एकत्र बसून ठरवा म्हणतो, हे मला त्या आयतीतलं सगळ्यात भारी वाटतं आणि तेच नेमकं स्लाइडवर नाही.

(जाता जाता, सूरह अहकाफच्या 15व्या आयतीत पोटात वागवणं आणि दूध सुटणं मिळून तीस महिने म्हटलंय, त्यातून दोन वर्षांचे चोवीस वजा केले की उरतात सहा, आणि यावरून गर्भाची कमीत कमी मुदत सहा महिने असा निष्कर्ष काढला गेला, तो पैगंबरांचे जावई हजरत अली यांच्या नावाने सांगतात. हे कोर्समध्ये होतं आणि मस्त समजावलं होतं. गणित आवडणाऱ्या मोठ्या मुलांना हा भाग जरूर ऐकवा.)

सगळ्यात उपयोगी धडा कोणता निघाला तर सूरह नूरचा, 58वी आयत. घरातल्या लहान मुलांनीसुद्धा तीन वेळा परवानगी घेऊन आत यावं, फजरच्या म्हणजे पहाटेच्या नमाजआधी, दुपारी कपडे उतरवून आराम करता तेव्हा, आणि इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर. आणि मुलं वयात आली की मग नेहमीच परवानगी. प्रायव्हसी म्हणा, अंगाची लाज म्हणा, नाही म्हणण्याचा हक्क म्हणा, सगळं यात येतं आणि लहान मुलाला कळेल एवढं सोपं आहे. आमच्याकडे लगेच लागू झालं. आता मोठा दार वाजवतो आणि उत्तराची वाट न बघता आत येतो, पण वाजवतो तरी 😂 धाकटीने तर माझ्यावरच उलटवलं, मी तिचं पांघरूण काढायला गेले तर म्हणे "आधी विचार". विचारलं. नाही म्हणाली. उभी राहिले मग तशीच.

शिस्तीच्या धड्यात सूरह आलि इमरानची 159वी आयत घेतली, पैगंबर (स.) यांना म्हटलंय की तू कडक आणि कठोर मनाचा असतास तर लोक तुझ्याभोवतून पांगले असते. त्यांचे सेवक हजरत अनस यांची हदीस (पैगंबरांच्या बोलण्यावागण्याची नोंद) पण आली, दहा वर्षं सेवा केली पण मला कधी उफ म्हणाले नाहीत. इथपर्यंत झकास. मग एकीने सरळ ती अबू दाऊद या हदीस-संग्रहातली हदीस विचारली, सातव्या वर्षी नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी नाही पढली तर मारा, तिचं काय करायचं? उत्तर: पुढच्या लाइव्हमध्ये घेऊ. ते पुढचं लाइव्ह काही आलं नाही. खरं तर याच प्रश्नासाठी अर्ध्या जणी बसलेल्या असतात, घरातली मोठी माणसं हीच हदीस ऐकवतात. निदान एवढं तरी म्हणायचं होतं की सात ते दहा ही पूर्ण तीन वर्षं नुसतं सांगायचीच आहेत, ती कोण सांगतं? आणि पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा सांगतात की पैगंबरांनी (स.) आपल्या हाताने कधी कुठल्या बाईला किंवा नोकराला मारलं नाही, ते 'मुस्लिम' या हदीस-संग्रहात आहे. 14व्या शतकातल्या इब्न खल्दून या इतिहासकारानेही लिहून ठेवलंय की धाकदपटशाने शिकवलेलं मूल खोटं बोलायला आणि वरवर एक आत एक वागायला शिकतं. एवढं हाताशी असताना टाळायचं कशाला.

आणि नूहचा मुलगा कोर्समध्ये नाहीच! सूरह हूद, लाटा डोंगराएवढ्या, बाप हाक मारतोय माझ्या बाळा आमच्यासोबत नावेत बस, मुलगा म्हणतो मी डोंगरावर चढेन, आणि बुडतो. नबीचा मुलगा. साडेनऊशे वर्षं लोकांना समजावणाऱ्या माणसाचा स्वतःचा मुलगा. उलट बाजूला मूसा अलैहिस्सलाम वाढले फिरऔनच्या घरात. सूरह तहरीममध्ये नूह आणि लूत यांच्या बायकांची उदाहरणं आहेत, नबींच्या घरात राहूनही न सुधारलेल्या, आणि लगेच पुढच्या आयतीत फिरऔनची बायको, त्या घरात राहून जन्नतमध्ये घर मागणारी. मुलं कशी निघतील याची गॅरंटी कुरआन नबीलाही देत नाही, आणि कोर्सच्या जाहिरातीत लिहिलंय 'तुमचं मूल नेक बनेलच'. मी फीडबॅक फॉर्ममध्ये हे लिहिलं, नूहचा धडा टाका म्हणून. ज्या आयांची मुलं मोठी होऊन भलत्या वाटेला लागलीयेत त्यांना या कोर्समध्ये बसायला जागाच नाही सध्या. त्या येतात, 'आई बिघडली तर पिढी बिघडली' ऐकतात, आणि मान खाली घालून निघून जातात.

आणखी एक, स्लाइडवर कुरआनची आयत, हदीस आणि कुणाचं तरी सुविचारासारखं वाक्य एकाच फॉन्टमध्ये एकाच रंगात. 'आई, आई, आई, मग बाप' वाली हदीस बुखारी-मुस्लिममध्ये आहे, ती नीट संदर्भासकट दिलीय. पण 'जन्नत आईच्या पायाखाली' हे तसंच संदर्भाशिवाय, फुलांच्या चित्रावर. नसाई या हदीस-संग्रहात जी आहे ती अशी की एकजण लढाईला जायचं म्हणून विचारायला आला, पैगंबरांनी (स.) विचारलं आई आहे का, आहे म्हटल्यावर म्हणाले तिच्याजवळच राहा, जन्नत तिच्या पायांखाली आहे. म्हणजे मुळात ते मुलाला दिलेलं काम आहे. आपण त्याचं आईसाठी पोस्टर करून टाकलं, की एवढा मोठा दर्जा मिळालाय ना, मग आता सोस.

टेक्निकल बाजू पटकन: अ‍ॅप बरं आहे, डाउनलोड होतं, पण जुन्या धड्यांचा आवाज इतका बारीक की इअरफोनशिवाय ऐकूच येत नाही, आणि बाळ झोपवताना दोन्ही कानांत इअरफोन कोण घालणार. खाली मजकूर येत नाही, तो यायलाच हवा. क्विझमध्ये आयतींचे नंबर विचारतात, अर्थ विचारत नाहीत. सर्टिफिकेट मिळतं, माझं डाउनलोड फोल्डरमध्ये पडलंय. लाइव्हची वेळ बरोब्बर मुलांच्या झोपायची. वर सूचना, 'मूल रडत असल्यास कृपया सेशनमधून बाहेर जावे'. आयांच्या कोर्सला! आणि त्याच आठवड्यात हदीस शिकवली, की पैगंबर (स.) लांब नमाज पढायच्या इराद्याने उभे राहायचे आणि मागे बाळाचं रडणं ऐकू आलं की नमाज आटोपती घ्यायचे, आईच्या जिवाची घालमेल नको म्हणून. मी तो स्क्रीनशॉट आणि ती हदीस दोन्ही शेजारीशेजारी ग्रुपवर टाकले. सूचना दुसऱ्या दिवशी बदलली, आता 'म्यूट करावे' एवढंच आहे, याबद्दल त्यांचं कौतुक.

घ्यावा का? गरोदर असाल किंवा बाळ लहान असेल तर मरयम आणि मूसाच्या आईचे धडे नक्की ऐका, बाकीचे राहिले तरी चालतील, सुटे धडे पण घेता येतात. शाळेत जाणारी मुलं असतील तर लुकमान आणि नूर. 233व्या आयतीचा धडा ऐकायच्या आधी स्वतः तर्जुमा वाचून घ्या. आधीच स्वतःला दोष देत बसायची सवय असेल तर वर्कशीट प्रिंटच करू नका. आणि लुकमानचे धडे शक्य असेल तर मुलांच्या अब्बांच्या फोनवर लावा, आमच्याकडे मी तेच केलं, आता 'आवाज खाली'चं खातं त्यांच्याकडे आहे. तेही पहिल्या दिवशी ओरडूनच म्हणाले, आवाज खाली.

पुढच्या बॅचमध्ये बाप लोकांनाही घेणार असं बाईंनी शेवटच्या लाइव्हमध्ये सांगितलंय. नावनोंदणीच्या फॉर्मवर काल बघितलं तर रकाना अजून 'आईचे नाव' एवढाच आहे, त्यामुळे ज्यांना नवऱ्याला बसवायचंय त्यांनी फॉर्म भरण्याआधी त्यांना मेसेज करून विचारून घ्या.